नळाचा न

संगमनेर
१२ जुलै १९९६

मा. व्यवस्थापक, तक्रार विभाग यांस,
स. न. वि. वि.

आपल्या कंपनीचं मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर मी गेली तीन वर्षं माझ्या दुकानात वापरते. दोन मशीनसाठी दोनदा विकत घेतलेलं आहे, चोरलेलं नाही. विकत घेतल्याची खूण म्हणून सोबत मिळालेलं लॉकचं कार्ड दोन्ही कॉम्प्युटरच्या पोटात बसवलेलं आहे आणि आजवर त्यानं कधी कुरकुर केली नाही.

सम्राट, तक्रारींच्या टेबलावर तूच बसतोस आणि हे पाकीट तूच फोडणार, हे मला माहीत आहे. ताई म्हणून लिहिलेल्या चार पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस. म्हणून हे पाचवं गिऱ्हाईक म्हणून लिहिते. गिऱ्हाइकाला उत्तर द्यावंच लागतं.

तर तक्रार अशी. पुण्यात नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसनं एकवीस इंची मॉनिटर काढून टाकला. त्याच्याबरोबर त्याचं ग्राफिक्स कार्डही मिळालं. जालिंदरनं तो त्याच्या दुधाच्या टेम्पोत, रिकाम्या कॅनच्या मधोमध गोधडीत गुंडाळून आणला. उतरवायला तिघं लागले. दुकानात त्याच्यापुढे आता माझ्या खुर्चीशिवाय काही मावत नाही. बंद असला की त्याच्या काचेत दार, रस्ता, समोरचं लिंबाचं झाड, सगळं हिरवट पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं. मी कधीकधी काम सोडून नुसती बघत बसते.

साध्या मापावर चालवला तर तुमचं लॉक सापडतं, पण अक्षरं मोठी केली की त्यांच्या कडांना पायऱ्या पडतात. ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकदीवर चालवलं की अक्षरं शाईनं काढल्यासारखी गुळगुळीत दिसतात, पण मग 'लॉक सापडत नाही' अशी पाटी क्षणभर येते आणि जाते. पुढे सगळं नीट चालतं. आज चालतंय, उद्या मधेच बंद पडलं तर काय करायचं, ते कळवावं. जरा लवकर कळवावं.

एवढा मोठा मॉनिटर कशाला, असं विचारशील. धंद्यासाठी. मोठ्या जाहिराती मिळताहेत.

आई बरी आहे.

आपली विश्वासू,
भारती
(तुझी ताई, हे वेगळं सांगायला नको)


संगमनेर
३ ऑगस्ट १९९६

प्रिय सम्राट,
जय भीम.

कंपनीच्या कागदावर का होईना, तुझं पत्र आलं. खाली सही तुझी, सहीतला 'स' अजून वडिलांसारखाच काढतोस. पत्र तीनदा वाचलं. त्यात माझी चौकशी नाही, आईची नाही, पण लॉकच्या कार्डावरचा जंपर, म्हणजे ती नखाएवढी टोपी, कुठून काढून कुठे घालायचा याचं चित्र मात्र सुरेख काढलं आहेस.

जंपर बदलला. दोनदा बदलला. काही उपयोग नाही. तू लिहितोस की ते ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकदीवर गेलं की मेमरीत हातपाय पसरतं आणि लॉकच्या जागेवर जाऊन बसतं, म्हणून प्रोग्रामनं हाक मारली तरी लॉकची ओ येत नाही. हे मला समजलं. एका बाकावर दोघं बसले की असं होतंच. तू विचारतोस की लॉक नसताना प्रोग्राम 'काही वेगळं' करतो का, बारकाईनं बघ. मी तेव्हा कळवणार होते की काहीच करत नाही.

पण मग निमोणचा श्रीमंत, नावाचाच श्रीमंत, दुकानात आला. त्याच्या शाळेतले राधाकृष्ण गुरुजी ३१ जुलैला निवृत्त झाले. त्या समारंभाच्या चारशे पत्रिका मी छापून दिल्या होत्या. मीच जुळवल्या, मीच तपासल्या, श्रीमंतानंही वाचल्या. गावात वाटून झाल्या. सरपंचांनी त्यातला मजकूर भाषणात वाचून दाखवला. सत्कार झाल्यावर गुरुजींनी पत्रिका खिशातून काढली आणि श्रीमंताला जवळ बोलावलं.

पत्रिकेत 'निमंत्रन' होतं. 'शिक्षन' होतं. 'आनि' तर सहा ठिकाणी. गावाचं नावसुद्धा 'निमोन'. चारशे घरांत पत्रिका गेल्या आणि एकालाही काही खटकलं नाही, कारण आम्ही सगळे तसंच बोलतो. मलाही खटकलं नाही, हे लिहिताना लाज वाटते. शुद्धलेखनाच्या जिवावर मी दुकान चालवते.

गुरुजी रागावले नाहीत म्हणे. म्हणाले, "चौतीस वर्स त्या अक्षराशी भांडलो, जाताजाता त्यानंच हार घातला." श्रीमंत हे सांगताना हसत होता, मी मात्र चारशे पत्रिका पुन्हा छापून द्यायला निघाले होते. तो नको म्हणाला.

आता मशीन चालू करून बघितलं. मी ण ची कळ दाबते, स्क्रीनवर न उमटतो. इतक्या सहज की डोळा पुढे सरकतो. हा कसला बिघाड आहे, ते कळव. घाई आहे. का आहे ते विचारू नकोस.

ताई


संगमनेर
२९ ऑगस्ट १९९६

सम्राट,

तुझं पत्र आलं. या वेळी साध्या कागदावर. 'ताई, घाबरू नकोस, तो बिघाड नाही, ती शिक्षा आहे.'

म्हणजे लॉक सापडलं नाही की प्रोग्राम थांबत नाही. तो गुपचूप ण च्या जागी न घालत राहतो. चोरून वापरणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे, आणि छापून बाहेर गेलं की त्याची अब्रू जाते. ही युक्ती तुझीच, तू अभिमानानं लिहिलं आहेस. पुढचं वाक्यही तुझंच आहे, मी बदललेलं नाही: 'असलं अडाणी मराठी छापून आलं की लोक हसतात आणि गिऱ्हाईक परत त्या दुकानाची पायरी चढत नाही.'

अडाणी मराठी. अख्ख्या मुळाक्षरांतून तुला शिक्षा द्यायला हेच अक्षर सापडलं.

मी हे पत्र आठ दिवस लिहीत नव्हते. लिहिलं असतं तर फाडून टाकावं लागलं असतं.

ब्याण्णवच्या मे महिन्यातला तो दिवस तुला आठवतो की नाही, मला माहीत नाही. तुझे साहेब आणि त्यांच्या मिसेस शिर्डीहून परत जाताना आपल्या घरी आले होते. आईनं सकाळपासून पितळी तांब्या चिंचेनं घासला होता. तिच्या हातचं कुणी मागून प्यावं, असे दिवस तिनं लहानपणी पाहिले नव्हते. आणि इथे पुण्याची माणसं तिच्या खाटेवर बसली होती. ती तांब्या घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "पानी घ्या."

तू म्हणालास, "पानी नाही आई, पाणी. बाणातला ण."

तू हसत म्हणालास, लाडानं म्हणालास, हे मी मान्य करते. त्या बाईही हसल्या. आईनं तांब्या खाली ठेवला आणि ती आत गेली. गाडीला उशीर होतोय म्हणून तुम्ही निघालात. तांब्या तसाच भरलेला राहिला.

तुला हे माहीत नसेल म्हणून सांगते. त्या दिवसापासून आईनं तो शब्द उच्चारलेला नाही. चार वर्षं झाली. 'तांब्या भर' म्हणते, 'जरा गार दे' म्हणते, नळ आला की 'आला गं' एवढंच म्हणते. कुणी आलं तर पेला पुढे सरकवते आणि बघत राहते. पहिल्यांदा माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

आता दुसरं. मॉनिटर धंद्यासाठी घेतलेला नाही. साखरेच्या दुखण्यानं आईच्या डोळ्यांचे पडदे खराब झाले आहेत. डावा गेलाच. उजव्याचं नगरच्या डॉक्टरांनी दोनदा लेझर केलं, मग म्हणाले की दिवाळीपर्यंत जेवढं बघायचं तेवढं बघून घ्या. तुला कळवायचं नाही, अशी तिनं मला शपथ घातली होती. ती मी आज मोडली.

साक्षरता वर्गात ती वाचायला शिकली तेव्हा बावन्न वर्षांची होती. 'नळाचा न, बाणाचा ण' हे घोकत भाकरी थापायची. तिला स्वतःची हकिगत लिहून हवी आहे आणि डोळे जाण्याआधी ती स्वतः वाचायची आहे. दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं चालणार नाही म्हणते. ती सांगते, मी टाइप करते आणि बोटाएवढी अक्षरं करून त्या मोठ्या काचेवर लावते. पायऱ्या पडलेली अक्षरं तिला धरता येत नाहीत, डोळ्यांतून धारा लागतात. गुळगुळीत असतील तरच दिसतात. म्हणून ते ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकदीवर लागतं, म्हणून तुझं लॉक हरवतं, आणि म्हणून तुझी शिक्षा आपल्या आईला, भागीरथीबाईंना होते.

लवकर काहीतरी कर.

ताई


संगमनेर
२२ सप्टेंबर १९९६

प्रिय सम्राट,
जय भीम.

तू काम करतो आहेस, नवी फ्लॉपी पाठवतो आहेस, असं कळवलंस. आईच्या डोळ्यांबद्दल विचारलंस. बरं वाटलं. मागच्या पत्रात जास्त बोलले असेन, पण परत घेणार नाही.

तोपर्यंत आम्ही थांबलो नव्हतो. थांबायला वेळच नाही. रोज सकाळी दहा ते अकरा, एवढाच एक तास तिचा डोळा बरा असतो. नंतर म्हणे त्यात माती कालवल्यासारखं होतं. त्या तासात मी दुकानाचं दार अर्धं लावून घेते. काचेवर अक्षरं उगवतात, पांढऱ्यावर काळी, आणि ती खुर्ची इतकी पुढे ओढते की तिच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. एक अक्षर वाचायचं, डोळा मिटायचा, मग दुसरं. डोळा मिटला तरी अक्षर दिसतच राहतं आणि सावकाश खाली बुडतं, असं ती सांगते. "खाली तळाला जाऊन बसतंया," म्हणते. मलाही आता तसंच दिसायला लागलं आहे. दुपारी भाजी निवडताना डोळ्यांसमोरून एखादा क, एखादा भ हळूच वाहत जातो.

मी टाइप करताना तिचं बोलणं नीट करून घेत होते. ती 'हुतं' म्हणाली की मी 'होतं' लिहायचे. तिला ते वाचायला फार जड जायचं. आपलीच गोष्ट परक्याच्या तोंडून ऐकल्यासारखी ती थांबायची, मागे जायची. मला वाटायचं डोळ्यांमुळे.

मग परवा हकिगत सांगता सांगता ती खर्डा गावाकडच्या तिच्या माहेरच्या विहिरीवर आली. मी टाइप केलं 'पाणी', आणि तुझ्या शिक्षेनं केलं 'पानी'. मला ते दुरुस्त करता येत नव्हतं, म्हणून तसंच मोठं करून लावलं. ती वाचू लागली. विहिरीला आम्ही हात लावीत नव्हतो, इथपर्यंत चाचपडत आली. पुढे तो शब्द होता. ती कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत होती. मी मनात म्हटलं, आता उठून जाईल.

ती मोठ्यांदा म्हणाली, "पानी."

मग पुन्हा म्हणाली. मग हसली आणि काचेला हात लावून म्हणाली, "ह्ये तर मपलंच हाय की गं. छापून आलंय."

सम्राट, चार वर्षांनी. मी तोंडावर पदर घेतला.

त्या दिवशी मी सगळं पहिल्यापासून बदलायला बसले. होतं चं हुतं केलं, नाही चं न्हाई केलं, माझी सगळी हुशारी काढून टाकली. ण ला मात्र मी हात लावला नाही, ते तुझं हरवलेलं लॉक बघत होतं. आता ती भराभर वाचते. एका तासात दोन पानं. ऐकशील का थोडं?

'हिरीला आमी हात लावीत न्हवतो. कुनी वरून वतलं तर पानी, न्हाईतर घागर तशीच. एकदा समदी दुपार उभी ऱ्हायले. घागरीत बघितलं तर आभाळ हुतं. तेच घिऊन घरी आले.'

आणि एक गोष्ट मी मागच्या पत्रात लपवली. त्या दिवशी तू बोललास, त्या बाई हसल्या, आणि मीसुद्धा हसले. आधी मी हसले, मग त्या. पाहुण्यांना आपण वेगळे वाटू नये म्हणून हसले. आई आत जाताना तुझ्याकडे नाही, माझ्याकडे बघून गेली. तुला एकट्याला दोष देत मी चार वर्षं काढली.

तुझी,
ताई


संगमनेर
२१ ऑक्टोबर १९९६

प्रिय सम्राट,
जय भीम.

तुझी फ्लॉपी दसऱ्याआधीच पोहोचली. उत्तराला उशीर झाला, कारण इथे तेव्हा एक दिवस दुसऱ्याची वाट बघत नव्हता.

आधी तुझं कौतुक. तू प्रोग्रामला लॉक दुसऱ्या ठिकाणी शोधायला शिकवलंस. मी फ्लॉपी घातली, ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकदीवर सोडलं, आणि पाटी आली नाही. एवढ्या मोठ्या काचेवर, एवढ्या गुळगुळीत अक्षरांत, लॉक पहिल्या हाकेला ओ देत होतं. ण दाबला की ण. किती सुंदर ण काढला आहेस रे, त्याचा दांडा सरळ खाली उतरतो. मी आनंदानं आईला हाक मारली.

दहा वाजले होते. तिची शेवटची सात पानं वाचायची राहिली होती. ती खुर्ची पुढे ओढून बसली. तीन शब्द वाचले आणि थांबली. मागे गेली. पुन्हा वाचले. मग मान वळवून मला म्हणाली, "ह्ये कुनी लिव्हलं? ह्ये मपलं न्हाई."

मला आधी कळेना. मग दिसलं. मी टाइप केलेले सगळे ण तुझ्या नव्या फ्लॉपीनं जागे करून उभे केले होते. पाणी, कोण, आणि, आठवण. सगळं बरोबर, गुरुजींनी शंभरपैकी शंभर दिले असते. आणि ती त्या प्रत्येक ण पाशी ठेचकाळत होती, हात मांडीवर आवळून, पाहुण्यांसमोर बसल्यासारखी.

एकेक शोधून बदलता आलं असतं. तास-दोन तासांचं काम होतं. पण तिच्याकडे तो एकच तास होता. मी मशीन बंद केलं, पेचकस घेतला, झाकण उघडलं आणि तुझं लॉकचं कार्ड उपसून बाहेर काढलं. पुन्हा चालू केलं. पाटी आली, 'लॉक सापडत नाही', आणि गेली. आईनं विचारलं काय झालं. मी म्हटलं, काही नाही, अडकलं होतं ते मोकळं झालं.

तिनं वाचून पुरं केलं. चार सकाळी लागल्या. शेवटचं पान चौदा तारखेला वाचलं, धम्मदीक्षेच्या दिवशी, पांढरं लुगडं नेसून. तो तिनं ठरवून धरला होता की तसा आला, सांगत नाही. शेवटची ओळ दोनदा वाचली. मग म्हणाली, "आता मिटलं तरी चालंल." मला ते ऐकून रडू आलं आणि मी तिच्यावर ओरडले, असलं काही बोलायचं नाही म्हणून. ती डोळ्याबद्दल बोलत होती.

शुक्रवारपासून तिला दिसत नाही. उजेड कुठल्या बाजूला आहे एवढं समजतं. घाबरलेली नाही. दुपारी काचेसमोर बसते, मी मॉनिटर चालू ठेवते, त्याची ऊब तिला आवडते. मधेच एखादं वाक्य म्हणून दाखवते, पान नंबरासकट. सगळी अक्षरं तळाला जाऊन बसली आहेत, तिथून ती एकेक वर काढते.

या पाकिटात कापसात गुंडाळून तुझं लॉकचं कार्ड परत पाठवते आहे. तुझ्या हिशेबानं मी आता चोर आहे आणि माझ्या मोठ्या मशीनवरून जे बाहेर पडेल ते अडाणी मराठीत पडेल. गिऱ्हाइकांचं काम मी जुन्या मशीनवर करीन, तिथे लॉक आहे. या मोठ्या मशीनवर फक्त आईचं पुस्तक. तुला जमलं तर नव्या प्रोग्राममध्ये ती शिक्षा काढून टाक. चोरांना दुसरी कुठलीही शिक्षा दे.

'येऊ का?' असं तू फ्लॉपीबरोबरच्या चिठ्ठीत विचारलं होतंस. चिठ्ठी मी आईला वाचून दाखवली. काल सकाळी तिनं मला माळ्यावरचा पितळी तांब्या काढायला लावला आणि खाटेवर बसून, चाचपत चाचपत, चिंचेनं घासला. हिरवे डाग राहिले आहेत, ते मी तिला सांगितलं नाही.

म्हणून ये. पत्र नको, फ्लॉपी नको, तू ये. दारात आवाज दिलास की ती ओळखील आणि आधी तेच म्हणेल, जे तेव्हा म्हणाली होती. त्या दिवशी कुणीच घेतलं नव्हतं.

हे पत्र मी हातानं लिहिते आहे, नेहमीसारखंच. इथे माझं अक्षर बदलणारं कुठलंही मशीन नाही. दोन्ही हातांनी तांब्या घे, सम्राट, आणि आईचं पानी पी.

तुझी,
ताई